पाहियास उत्सव

पाहियास हा फिलिपाइन्स देशातील केसोन प्रांतात वसलेल्या लुकबान या गावी दरवर्षी १५ मे रोजी साजरा होणारा सुगीचा कृतज्ञता-उत्सव आहे. शेतकऱ्यांचा पालक मानला जाणारा रोमन कॅथलिक संत इसिद्रो लाब्रादोर याच्या स्मृतिदिनी हा उत्सव होतो. मिरवणुकीच्या मार्गावरील घरांचे दर्शनी भाग या दिवशी भाताच्या लोंब्या, भाज्या, फळे, विणलेल्या टोप्या आणि 'किपिंग' नावाच्या रंगीत, पानाच्या आकाराच्या तांदळाच्या पापड्या यांनी सजवले जातात. देवालयात नेऊन अर्पण करावयाचे धान्य घराच्या दारातच मांडणे आणि त्याला आशीर्वाद देण्यासाठी संताची मूर्ती दारोदार येणे, हे या उत्सवाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

नाव आणि अर्थ

'पाहियास' या तागालोग शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. एका मतानुसार त्याचे मूळ 'पायास' म्हणजे सजावट या शब्दात आहे. दुसऱ्या मतानुसार ते 'हियास' म्हणजे रत्न किंवा दागिना या शब्दात असून, 'पा' हा उपसर्ग लागून 'अलंकृत करून अर्पण केलेली वस्तू' असा अर्थ सिद्ध होतो. दोन्ही अर्थ उत्सवाच्या स्वरूपाशी जुळतात. पिकाला दागिन्याप्रमाणे मिरवणे ही कल्पना दोहोंत समान आहे.

स्थान

लुकबान हे लुझॉन बेटाच्या दक्षिण भागात, बनाहाव या सुमारे २,१७० मीटर उंचीच्या ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याशी वसले आहे. राजधानी मनिलाच्या आग्नेयेस रस्त्याने तीन ते चार तासांच्या प्रवासावर ते आहे. गावाची हवा सखल प्रदेशाच्या तुलनेत थंड व पावसाळी असते. ज्वालामुखीची सुपीक माती आणि पर्वतावरून उतरणारे झरे यांमुळे येथे भात, नारळ, भाजीपाला व फळे चांगली येतात. केसोन प्रांत पूर्वी तायाबास या नावाने ओळखला जाई. राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल केसोन यांच्या स्मरणार्थ १९४६ मध्ये त्याचे नाव बदलण्यात आले.

'लुकबान' हे तागालोग भाषेत पपनस या फळाचे नाव आहे. बनाहावच्या जंगलात वाट चुकलेले तीन शिकारी एका पपनशीच्या झाडाखाली विसाव्याला थांबले आणि तेथेच त्यांनी वस्ती केली, अशी गावाच्या स्थापनेची दंतकथा आहे.

संत इसिद्रो

इसिद्रो हा अकराव्या-बाराव्या शतकांत माद्रिद परिसरात होऊन गेलेला शेतमजूर होता. हुआन दे वार्गास या जमीनदाराच्या शेतावर तो राबत असे. त्याची पत्नी मारिया दे ला काबेसा हिलाही संत मानले जाते. इसिद्रो प्रार्थनेत वेळ घालवतो, कामाला उशिरा येतो, अशी तक्रार इतर मजुरांनी मालकाकडे केली. मालक शहानिशा करण्यास आला असता, इसिद्रो प्रार्थनेत मग्न असून त्याच्या जागी देवदूत नांगर धरत आहेत असे त्याला दिसले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यामुळे इसिद्रोच्या मूर्तीजवळ बहुधा नांगर, बैल किंवा देवदूत दाखवलेले असतात. फिलिपाइन्समध्ये बैलाची जागा अनेकदा तेथील शेतकऱ्याचा सोबती असलेल्या 'काराबाव' या रेड्याने घेतली आहे.

पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १२ मार्च १६२२ रोजी इसिद्रोला संतपद बहाल केले. त्याच समारंभात इग्नेशियस लोयोला, अविलाची तेरेसा, फिलिप नेरी आणि जुन्या गोव्यातील बासिलिकेत ज्याचे शव जतन केले आहे तो फ्रान्सिस झेवियर यांनाही संत घोषित करण्यात आले. या पाचांमध्ये धर्मोपदेशक, संस्थापक व लेखक होते. हातात नांगर धरणारा इसिद्रो एकटाच होता. स्पॅनिश वसाहतींतील शेतकरी समाजांनी त्याला आपलासा केला, त्यामागे हे एक कारण आहे.

इतिहास

फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश सत्तेची पक्की पायाभरणी १५६५ मध्ये झाली. फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मोपदेशक १५७८ च्या सुमारास लुकबान परिसरात आले. गावाचे चर्च तुलूजचा बिशप संत लुई याला वाहिलेले आहे. पहिली वास्तू सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नष्ट झाली. तिच्या जागी बांधलेली दुसरी वास्तू १७३३ मध्ये आगीत जळाली. सध्याची वास्तू १७३० च्या दशकात उभी राहिली.

पाहियास पंधराव्या शतकापासून चालत आल्याचे विधान पर्यटनविषयक लेखनात वारंवार आढळते. ते आजच्या स्वरूपातील उत्सवाला लागू पडत नाही. पंधराव्या शतकात या बेटांवर ख्रिस्ती धर्म पोहोचला नव्हता आणि इसिद्रोला संतपद मिळण्यास १६२२ साल उजाडावे लागले. मात्र नव्या पिकाचा पहिला वाटा अदृश्य शक्तींना देण्याची रीत स्पॅनिश आगमनापूर्वीही होती. पूर्वजांचे व निसर्गातील आत्मे यांना 'अनितो' म्हणत आणि पेरणी-कापणीच्या वेळी त्यांना अन्न अर्पण केले जाई. जुन्या अर्पणविधीवर नव्या संताचे नाव कोरले गेले, असे या उत्सवाच्या उगमाविषयी म्हणता येते.

स्थानिक परंपरेनुसार, पूर्वी शेतकरी आपल्या पिकाचा वाटा चर्चमध्ये नेत आणि धर्मगुरू त्याला आशीर्वाद देत. पुढे पीक इतके वाढले की ते चर्चमध्ये मावेना. तेव्हा प्रत्येकाने आपले धान्य आपल्या दारात मांडावे आणि धर्मगुरूंनी गावातून फिरून आशीर्वाद द्यावा, अशी व्यवस्था झाली. घरे सजवण्याची प्रथा यातून उदयास आली असे मानले जाते.

या गावाचा धार्मिक इतिहास केवळ आज्ञाधारकतेचा नाही. 'एर्मानो पुले' या नावाने ओळखले जाणारे आपोलिनारियो दे ला क्रुस यांचा जन्म १८१५ मध्ये लुकबान येथे झाला. स्थानिक वंशाचे असल्यामुळे त्यांना धर्मपंथात प्रवेश नाकारण्यात आला. १८३२ मध्ये त्यांनी 'संत जोसेफचा बंधुसंघ' स्थापन केला. चर्च व वसाहत सरकार यांनी या संघाला मान्यता नाकारून तो दडपण्याचा प्रयत्न केल्यावर १८४१ मध्ये बनाहावच्या परिसरात सशस्त्र संघर्ष झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुले यांना तायाबास येथे मृत्युदंड देण्यात आला. परक्यांनी आणलेला धर्म आपल्या पद्धतीने पाळण्याचा आग्रह या भूमीत जुना आहे. पाहियासकडे पाहताना ही पार्श्वभूमी उपयुक्त ठरते.

उत्सवाला आजचे संघटित रूप १९६० च्या दशकात मिळाले. लुकबानमधील कलावंतांच्या मंडळाने घरांची सजावट कलात्मक पातळीवर नेण्यासाठी पुढाकार घेतला. पुढे स्थानिक प्रशासनाने उत्कृष्ट सजावटीसाठी रोख पारितोषिके ठेवली आणि पर्यटन खात्याच्या प्रसिद्धीमुळे हा उत्सव देशभर परिचित झाला.

किपिंग

किपिंग हे पाहियासचे सर्वांत ओळखीचे चिन्ह आहे. मराठी वाचकांना परिचित असलेल्या सालपापडीशी त्याच्या कृतीचे बरेच साम्य आहे. तांदूळ भिजवून, वाटून त्याचे सरसरीत पीठ करतात आणि त्यात लाल, हिरवा, पिवळा, गुलाबी असे रंग मिसळतात. धुऊन पुसलेल्या ताज्या पानाच्या एका बाजूला हे पीठ लावून जास्तीचे निथळू देतात आणि पान काही मिनिटे वाफवतात. गार झाल्यावर शिजलेला पातळ थर पानावरून अलगद सोडवून घेतला जातो. तो वाळवताना मुडपू नये म्हणून त्यावर वजन ठेवतात. तयार पापडी अर्धपारदर्शक असते आणि तिच्यावर पानाची प्रत्येक शीर उमटलेली दिसते.

यासाठी 'काबाल' या स्थानिक झाडाची रुंद पाने विशेष पसंत केली जातात. कॉफी, कोको आणि इतर झाडांची पानेही वापरतात. पान फाटके किंवा किडके असेल तर तो दोष पापडीत उतरतो, म्हणून पाने निवडण्याचे काम अनुभवी माणसांकडे असते. शेकडो पापड्या लागत असल्याने उत्सवापूर्वी कित्येक दिवस घरोघरी हे काम चालते. वाटणे, वाफवणे, सोडवणे, वाळवणे आणि आकारानुसार लावणे ही कामे घरातील थोर-लहान मंडळी वाटून घेतात. गावातील मुले ही कला अशाच वाटून घेतलेल्या कामातून शिकतात.

वाळलेल्या पापड्या दोऱ्यात ओवून झुंबराच्या आकारात टांगल्या जातात. या रचनेला 'आरान्या' म्हणतात. झुंबर या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव आले आहे. उन्हात प्रकाश या पापड्यांतून आरपार जातो आणि वारा आल्यावर त्यांची सळसळ ऐकू येते. दमट हवा व पाऊस हे किपिंगचे शत्रू होत. ओल लागली की पापडी मऊ पडून आकार गमावते. त्यामुळे लुकबानसारख्या पावसाळी गावात सजावट टांगण्याची वेळ साधावी लागते.

किपिंग खाद्यही आहे. उत्सव संपल्यावर ते तळून किंवा निखाऱ्यावर भाजून, साखर लावून अथवा व्हिनेगारमध्ये बुडवून खातात. मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्या दरम्यान १५६५ ते १८१५ या काळात चाललेल्या गलबतांच्या व्यापारातून मेक्सिकन तोर्तियाची कल्पना येथे आली आणि मक्याऐवजी तांदूळ वापरून किपिंग तयार झाले, असे एक लोकप्रिय मत आहे.

घरांची सजावट

सजावटीला ठरावीक नमुना नसला तरी एक संकेत पाळला जातो: घराने आपल्या कष्टाचे फळ दारात मांडावे. शेतकऱ्याच्या घरी भाताच्या जुड्या, चवळीच्या शेंगा, वांगी, कारली, मुळे, भोपळे, अननस, पपया, केळीचे घड आणि नारळ दिसतात. टोप्या विणणाऱ्याच्या घरी टोप्यांच्या माळा, तर खाटिकाच्या घरी सॉसेजच्या माळा किंवा भाजलेले डुक्कर असते. लुकबान हे बुरी माडाच्या देठांतून काढलेल्या 'बुंताल' धाग्याच्या टोप्यांसाठी प्रसिद्ध आहे. या टोप्या, पिशव्या व पंखे सजावटीत मोठ्या संख्येने असतात. काही घरांपुढे गवत, काथ्या व भाज्या यांपासून बनवलेले शेतकरी दांपत्य, रेडा किंवा झोपडी अशी दृश्येही उभारली जातात.

मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी बदलतो. त्यामुळे सजावटीचा मान आणि खर्च दोन्ही आळीपाळीने गावातील वेगवेगळ्या रस्त्यांकडे जातात. ज्या रस्त्याची पाळी असते तेथील रहिवाशांना काही वर्षांतून एकदा ही संधी मिळत असल्याने तयारी मोठ्या हौसेने होते आणि नोकरीधंद्यासाठी बाहेर गेलेले नातेवाईक त्या वर्षी आवर्जून गावी येतात.

उत्सवाचा दिवस

१५ मे रोजी पहाटे चर्चमध्ये मिस्सा होते. त्यानंतर संत इसिद्रो व त्याची पत्नी यांच्या मूर्तींची मिरवणूक वाद्यवृंदासह ठरलेल्या मार्गाने निघते. मूर्ती दारावरून जाते तेव्हा त्या घराच्या पिकाला आशीर्वाद मिळाला, अशी श्रद्धा आहे. दिवसभर रस्ते पाहुण्यांनी भरलेले असतात. दुपारनंतर सजवलेले रेडे, गाड्या आणि वेषधारी यांच्या मिरवणुका निघतात.

मिरवणूक संपल्यावर सजावट उतरवली जाते. दारातील भाज्या, फळे व किपिंग पाहुण्यांना वाटून टाकण्याची प्रथा आहे. अर्पण केलेले धान्य साठवून ठेवायचे नसते, ते वाटायचे असते, हा या प्रथेमागील भाव होय. ओळख नसलेल्या माणसालाही जेवायला बोलावणे हे फिलिपिनो ग्रामोत्सवाचे सर्वसाधारण वैशिष्ट्य असून लुकबानमध्येही ते आढळते.

खाद्यपदार्थ

उत्सवाशी निगडित पदार्थांत 'पान्सित हाबहाब' हा सर्वांत प्रसिद्ध आहे. गव्हाच्या पिठाच्या वाळवलेल्या शेवया भाज्या व मांसासह परतून केळीच्या पानाच्या तुकड्यावर वाढतात आणि वर व्हिनेगार शिंपडतात. काटा-चमचा न घेता पानच तोंडाशी नेऊन त्या खायच्या, अशी रीत आहे. लुकबानचे 'लोंगानिसा' हे भरपूर लसूण व ओरेगानो घातलेले आंबटसर सॉसेज देशभर ओळखले जाते. 'हार्दिनेरा' हा वाफवलेल्या मांसाचा प्रकार आणि 'ब्रोआस' ही हलकी, लांबट बिस्किटे हेही येथील खास पदार्थ होत. पेय म्हणून 'लांबानोग' दिले जाते. नारळाच्या पोयीतून काढलेल्या माडीचे ऊर्ध्वपातन करून ते बनवतात. एकच पेला मंडळींत फिरवून ते पिण्याची पद्धत आहे.

परिसरातील समान उत्सव

याच काळात शेजारच्या गावांतही संत इसिद्रोचे उत्सव होतात. पण प्रत्येकाची रीत निराळी आहे. तायाबास येथे नारळाच्या दुधात शिजवून पानात गुंडाळलेल्या चिकट तांदळाच्या 'सुमान' या पदार्थाची पुडकी घरांच्या खिडक्यांतून मिरवणुकीतील लोकांवर उधळली जातात. सारियाया येथे बांबूच्या फांद्यांना फळे, खाऊ व भेटवस्तू बांधतात आणि मूर्ती पुढे गेली की लोक त्या लुटतात. या उत्सवाचे 'आगावान' हे नावच हिसकावून घेणे या अर्थाचे आहे. बुलाकान प्रांतातील पुलिलान येथे सजवलेले रेडे चर्चसमोर आणून त्यांना गुडघे टेकायला लावतात. गोव्यातील कॅथलिक समाजात ऑगस्टमध्ये होणारे 'कणसांचे फेस्त' याच जातीचे आहे. त्यात भाताची पहिली कणसे कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात.

उत्सव आणि भातशेती

तागालोग भाषेत शेतातील व टरफलासहित भाताला 'पालाय', सडलेल्या तांदळाला 'बिगास' आणि शिजलेल्या भाताला 'कानिन' असे वेगवेगळे शब्द आहेत. पाहियासमध्ये हे धान्य एकाच वेळी अनेक रूपांत दिसते: लोंब्यांच्या रूपात दारावर, किपिंगच्या रूपात छतावर आणि भाताच्या रूपात पानात.

उत्सवाची तारीख मात्र भाताच्या वेळापत्रकातून आलेली नाही, ती माद्रिदच्या संताच्या स्मृतिदिनावरून आली आहे. पावसावर अवलंबून असलेले पारंपरिक भातपीक पावसाळ्याच्या प्रारंभी लावले जाते आणि वर्षाच्या अखेरीस कापले जाते. त्या दृष्टीने १५ मे हा दिवस नव्या लावणीच्या उंबरठ्यावर येतो. म्हणून गतवर्षीच्या पिकाबद्दल कृतज्ञता आणि येणाऱ्या पावसासाठी विनवणी, असे दुहेरी स्वरूप या दिवसाला आहे. सिंचनाची सोय असलेल्या भागात उन्हाळी पीक मे महिन्यापर्यंत हाती येते. शेजारच्या लागुना प्रांतातील लोस बान्योस येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये 'आयआर-८' हे अधिक उत्पादन देणारे वाण प्रसृत केले. भारतातही ते पेरले गेले. अशा कमी मुदतीच्या वाणांमुळे वर्षातून दोन पिके घेणे अनेक भागांत शक्य झाले.

तरीही फिलिपाइन्स आज जगातील सर्वांत मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक आहे. २०१९ मध्ये लागू झालेल्या कायद्याने तांदळाच्या आयातीवरील परिमाणाचे निर्बंध उठवून त्यांच्या जागी आयातशुल्क आणले. शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी दरवर्षी १० अब्ज पेसोंचा निधीही ठेवण्यात आला. परंतु त्याच वर्षी शेतावरील भाताचे भाव घसरले. २०२४ मध्ये हे शुल्क ३५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणले गेले. शहरी ग्राहकाला तांदूळ स्वस्त मिळावा हा हेतू आणि पिकवणाऱ्याला त्याचे मोल मिळावे ही गरज यांतील ओढाताण कायम आहे. दारावर सोन्यासारख्या मिरवणाऱ्या लोंब्यांना बाजारात मिळणारा भाव हा या उत्सवामागील खरा प्रश्न आहे.

बदल आणि वाद

स्पर्धा व पर्यटन यांमुळे उत्सवाची भव्यता वाढली, तसेच काही प्रश्नही उभे राहिले. मार्गावरील सर्वच कुटुंबे आता शेती करीत नाहीत. अनेकांना सजावटीसाठी भाज्या व किपिंग विकत घ्यावे लागते. त्यामुळे 'आपल्या कष्टाचे फळ मांडणे' हा मूळ संकेत काही प्रमाणात प्रतीकात्मक झाला आहे. दुसऱ्या बाजूने, याच मागणीमुळे किपिंग बनवणारे, टोप्या विणणारे आणि भाजी पिकवणारे यांना वर्षातून एकदा हक्काची बाजारपेठ मिळते आणि किपिंगची कला टिकून राहते. पारितोषिकासाठी केलेली सजावट ही अर्पण म्हणावी की प्रदर्शन, यावर मतभेद आहेत. धार्मिक विधी पहाटे आणि करमणुकीचे कार्यक्रम नंतर, अशी दिवसाची विभागणी दोन्ही बाजूंना सामावून घेते.

कोविड-१९ च्या महासाथीमुळे २०२० मध्ये सार्वजनिक उत्सव रद्द करावा लागला. निर्बंध उठल्यानंतर तो पुन्हा सुरू झाला.

भेट देणाऱ्यांसाठी

उत्सवाच्या दिवशी गावाकडे येणारे रस्ते वाहनांनी भरतात. म्हणून अनेक जण आदल्या दिवशीच लुकबान, तायाबास किंवा प्रांताची राजधानी लुसेना येथे मुक्काम करतात. मनिलाहून लुसेनापर्यंत बसगाड्या असून तेथून लुकबानला जाण्यासाठी जीपनी व इतर वाहने मिळतात. सजावट निवांत पाहायची असल्यास सकाळची वेळ सोयीची असते. दुपारनंतर गर्दी वाढते आणि पावसाची शक्यताही असते. मिरवणूक जाण्यापूर्वी दारातील कोणतीही वस्तू काढून घेणे अनुचित मानले जाते, कारण तोवर ती अर्पण केलेली असते. मूर्ती पुढे गेल्यावर घरमालकाने दिलेले किपिंग किंवा फळ स्वीकारण्यास मात्र संकोच नसावा.

हे सुद्धा पहा

लुकबान
संत इसिद्रो
फिलिपाइन्समधील सण व उत्सव
आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था
कणसांचे फेस्त